वीतभर मातीखाली

मित्रांनो, अंगणातला नळ सगळ्यांना दिसतो. त्याच्यापर्यंत पाणी आणणारी जुनी काळी प्लास्टिकची नळी मी. मातीखाली असते, म्हणून माझी विचारपूस कोणी करत नाही.

बोलिव्हियाच्या उंच पठारावर गावकीच्या कामात मला पुरलं. ज्याचं दार, त्याने चर खणायचा, अशी रीत. फोर्तुनातोच्या दारात खडक लागला, चर वीतभरच झाला.

"काय रे, चर खणतोयस की बटाटे लावतोयस?" शेजारचा क्रिस्पिन हसला.

"वरून जाड गवत घालीन की!"

फोर्तुनातोने शब्द पाळला. दर हिवाळ्याआधी तो माझ्यावर गवताचं पांघरूण घाली.

वीतभरच खोल असल्याने मला घरातलं सगळं ऐकू येई. त्याची बायको सेनोबिया रोज पाण्याची पहिली ओंजळ धरणीमातेला वाही. ती झिरपत माझ्यापर्यंत येई. खोल पुरलेल्या नळ्यांना हे सुख कुठलं!

मग फोर्तुनातो वारला. शहरातली लेक एल्बा म्हणाली, "आई, या थंडीत पाणी बंद पडलं तर तुझं काही ऐकणार नाही. माझ्याकडे चलायचं."

"बंद कशाला पडेल? तुझ्या बापाने घातलीय ती!"

जून आला, आमचा हिवाळा. बटाटे उघड्यावर गोठवून वाळवायचे दिवस. त्यांच्याखाली अंथरायला गवत हवं. कमरेत वाकलेली सेनोबिया टेकडीवर कशी जाणार? तिने माझ्यावरचंच उचललं. "दोन दिवसांचं तर काम," ती पुटपुटली.

सकाळी बटाटे दगडासारखे गोठले होते. आणि मीही.

तोटीतून थेंब येईना. क्रिस्पिन पेटती चूड घेऊन धावला. "मावशी, व्हा बाजूला, शेकतो तिला!"

"अरे वेड्या, वितळेल ती!"

तिने हातांनी माती उकरली. हंड्यातलं उरलंसुरलं पाणी कोमट केलं, फडकी भिजवली आणि तोटीकडून एकेक हात मागे सरकत मला शेकलं. बर्फ सुटला. पण गोठतानाच मला लांब चीर गेली होती. पाणी अंगणभर झालं.

एल्बा आली. "नळीचा दोष नाही गं," सेनोबिया म्हणाली, "गवत मीच काढलं."

एल्बा रागावली नाही. तिने फक्त आईचं गाठोडं बांधलं.

दोघी शहराला गेल्या आणि माझं पाणी जिथून येई, त्या झऱ्याकडची चावी बंद झाली. आता मी गोठत नाही. गोठायला आत पाणी लागतं.

मित्रांनो, थंडीआधी उथळ नळीवर माती ओढा. आणि शेजारी कोणी एकटं राहत असेल, तर गवताची एक पेंढी त्यांच्या दारात ठेवून या.