फौजदाराच्या गोळ्या

नणंद भावाच्या घरी राहायची आणि वहिनीचं इस्त्रीचं दुकान त्याच घराच्या पुढच्या खोलीत होतं. नणंदेचा बोका, फौजदार, घडी केलेल्या कपड्यांकडे पाठ करायचा आणि शेपूट ताठ करून मुताचा फवारा मारायचा. एका नवरदेवाचा कोट वाया गेला तेव्हा वहिनीचा धीर सुटला.

"वन्सं, या घरात हा बोका तरी राहील, नाहीतर माझं दुकान."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी नसबंदी सुचवली. पण नणंदेचं आधीचं मांजर भुलीतून उठलंच नव्हतं. तिने हात जोडले, तेव्हा बाईंनी नाइलाजाने हार्मोनच्या गोळ्या दिल्या. थोडेच दिवस द्या आणि मला दाखवत राहा, असं बजावलं.

फवारे थांबले. फौजदाराची अगदी गाय झाली. साहेब पेन्शनीत निघाले, अशी वहिनी थट्टा करायची. गोळ्या बंद केल्या की मात्र घर पुन्हा घाण मारायचं, म्हणून नणंद औषधाच्या दुकानातून त्या परस्पर आणत राहिली. दाखवायला नेणं आज-उद्यावर गेलं.

बोका खा खा खायचा. त्याने अंग धरलं याचं सगळ्यांना कौतुकच वाटलं. मग तो पोटाला हात लावू देईना. नणंदेने पाहिलं तर त्याचे सड लेकुरवाळ्या मांजरीसारखे सुजलेले. पुढे तो पाण्याच्या भांड्यापाशीच बसून राहू लागला. झोपल्या जागी मुताचं थारोळं होऊ लागलं आणि मागचे पाय फरफटायला लागले.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. या गोळ्यांनीच मधुमेह झालाय म्हणाल्या. त्यांनी गोळ्या हळूहळू सोडवल्या, इन्सुलिन टोचायला शिकवलं. कधीकधी यातून मांजर सावरतं, असंही सांगितलं. नणंद सुई टोचायची, वहिनी हातातलं काम टाकून त्याला धरायची. साखर काही उतरली नाही.

"बाई, आता करून टाका ते ऑपरेशन," नणंद म्हणाली. "मी सही करते."

"आता ते त्याला झेपणार नाही."

त्याला घरी आणलं. एका दुपारी, वहिनी त्याचं अंग ओल्या फडक्याने पुसत असताना, तो गेला.

दोघी नणंद-भावजयीसारख्या नाही, बहिणींसारख्या वागतात आता. दुसरं मांजर आणू का, असं भाऊ अधूनमधून विचारतो. वहिनी इस्त्री उचलते आणि नणंद कपड्यांच्या घड्या घालायला बसते.