शेजारची रिकामी जागा

संशोधिकेने प्लेट खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली. यीस्टच्या शेकडो ठिपक्यांत एकच ठिपका गुबगुबीत झाला होता. प्रत्येक ठिपक्यातल्या यीस्टची दोन-दोन जनुकं काढून टाकलेली होती. एवढं गमावल्यावर यीस्टने रडतखडत वाढावं, ही रीत. हा पठ्ठ्या मात्र मजेत होता.

"ही दोन जनुकं एकमेकांच्या मुळावर उठलेली असणार," प्रयोगशाळेचे प्रमुख खुशीत म्हणाले. "दोन्ही गेली आणि पेशी सुटली बिचारी!"

"पुन्हा लावून बघते, सर."

"बघा. पण नाट लावू नका."

तिने तो ठिपका उचलून नव्या प्लेटवर, चांगल्या वाढणाऱ्या ठिपक्यांच्या मधोमध लावला. मग ताईला फोन केला.

आईचं सगळं आजारपण ताईने एकटीने काढलं होतं. आईला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते, आणि ताई पोहायला शिकत होती. केस कापून आली होती. फोनवर इतक्या मोठ्याने हसायची, की ही तिची धाकटी बहीण फोन कानापासून दूर धरायची. तिला ते हसणं खुपायचं. आईवर जीव टाकणारी माणसं इतक्यात अशी खुलतात का? पण गरज तिचीच होती. तिच्या छोट्या मुलीला सांभाळणारी बाई काम सोडून गेली होती, आणि ताई काय, आता रिकामीच होती.

"येशील ना आमच्याकडे कायमची?"

ताईचं हसणं थांबलं. "विचार करून सांगते गं."

"त्यात विचार कसला करायचाय?" धाकटी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दोन दिवसांनी नव्या प्लेटवर तो ठिपका ओळखूच येईना. चारचौघांसारखा, जरा किरकोळच. तिने जुनी प्लेट काढली आणि या खेपेला त्याच्या आजूबाजूला पाहिलं. दोन्हीकडचे ठिपके उगवलेच नव्हते.

"घोडं कुठे पेंड खातंय?" प्रमुखांनी विचारलं.

"शेजारचे मेले होते, सर. त्यांच्या वाटणीचं खाणं याला मिळालं."

"म्हणजे जनुकांचा काही संबंध नाही?"

"नाही. पोटभर मिळालं, म्हणून वाढला. एवढंच."

प्रमुख हिरमुसून निघून गेले. तिचंही मन खट्टू झालं होतं. जुनी प्लेट टाकून द्यायला ती उठली, पण कचऱ्याच्या डब्यापाशी ती त्या ठिपक्याशेजारच्या रिकाम्या जागांकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

"येते गं मी," ताई म्हणाली. "सामान बांधायला घेतलंय."

आवाज हळू होता. आईची झोप मोडू नये म्हणून ताई इतकी वर्षं याच आवाजात बोलत आली होती. धाकटीला एकदम स्वतःची लाज वाटली.

"पोहायचा क्लास किती वाजता असतो तुझा?" तिने विचारलं.

"सकाळी सहाला. का गं?"

"चुकवू नकोस. सामान सोड ते."

"अगं, आणि पोरीचं काय?"

"बघते मी काहीतरी. तू सोड सामान."

पलीकडे काहीतरी धपकन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ताई हसली, मोठ्याने. धाकटीने फोन कानाला तसाच धरून ठेवला.