अक्सोरियसची मोडलेली सोयरीक

मी अक्सोरियस बोलतोय. दचकू नका, मी कुठली औषधाची गोळी नाही. मी एक इंग्रजी विशेषण आहे. जो नवरा बायकोवर नको तितका जीव लावतो, तिच्या शब्दाबाहेर जात नाही, त्याला माझं नाव लावतात. नको तितका म्हणजे किती, ते शब्दकोशवाल्यांनाच ठाऊक.

माझं घराणं लॅटिन. तिथल्या 'बायको' या शब्दाच्या पोटी मी जन्मलो. मला एक बहीणही आहे, नवऱ्यावर नको तितका जीव लावणाऱ्या बाईसाठी. पण तिला कुणी विचारत नाही, कारण तसल्या बाईला लोक नुसतं 'संस्कारी' म्हणून मोकळे होतात.

पिढ्यान्‌पिढ्या मी शब्दकोशाच्या मागच्या पानांत पडून होतो. स्पर्धा परीक्षेची पोरं मला घोकायची आणि परीक्षा झाली की विसरायची. खऱ्या नवऱ्याला मी कधी लागलोच नाही, याचं मला फार वाईट वाटे.

मग यंदा बोरगाव मेघेच्या सचिनला मी सापडलो. सचिन सरकारी ऑफिसात बाबू. लग्नाच्या बायोडाट्यात 'स्वभाव' या रकान्यात सगळेच 'मनमिळाऊ' लिहितात, त्याला वजनदार इंग्रजी हवं होतं. मोबाइलवर नवऱ्याचं वर्णन करणारे शब्द शोधताना सगळ्यात अवघड दिसलो तो मी. अर्थ न बघताच त्यानं मला उचललं. त्याचे वडील सदाशिवराव यांनी तो बायोडाटा साऱ्या सोयऱ्यांना पाठवला. सगळ्यांनी वाहवा केली, अर्थ एकानंही विचारला नाही. विचारला असता तर आपल्याला येत नाही हे उघडं पडलं असतं ना!

मी मात्र खुळ्यासारखा हरखलो होतो.

सेलूला महादेवरावांच्या घरी मुलगी पाहायला मंडळी गेली. तर्री-पोहे आले. महादेवरावांची मोहिनी तिथल्याच शाळेत शिकवते. स्वयंपाक येतो का, नोकरी सोडशील का, सगळं तिला विचारून झालं. मग सदाशिवराव उदार झाले. "तुले काही विचाराचं असन तं विचार, बाई."

मोहिनी सचिनकडे बघून म्हणाली, "तुमच्या स्वभावात अक्सोरियस लिहिलं हाये. मी अर्थ पाह्यला. बायकोवर लई जीव टाकनारा, तिच्या शब्दात राह्यनारा. खरं हाये का?"

सदाशिवरावांना ठसका लागला. "आमच्या घरान्यात असं कोनी नाई झालं, बाप्पा!"

शेजारी बसलेल्या यशोदाबाई, सचिनच्या आई, बशीत बघत म्हणाल्या, "नाई झालं, हे खरंच हाये."

मी सचिनच्या तोंडाकडे आस लावून बसलो. एकदा 'हाव' म्हण, हो म्हण रे बाबा!

"नाई, नाई!" तो लालबुंद होऊन म्हणाला. "चुकून लिहिल्या गेलं. आपन तसले नाई." खिशातला पेन काढून त्यानं समोरच्या बायोडाट्यातून सगळ्यांदेखत मला खोडलं.

मोहिनीनं बशा गोळा केल्या. "तुमी हाव म्हटलं असतं," ती म्हणाली, "तं मी बी हावच म्हटलं असतं."

सोयरीक तिथंच मोडली. आता त्या रकान्यात 'मनमिळाऊ' आहे आणि मी पुन्हा मागच्या पानांत. सचिनला म्हणे नवी स्थळं भराभर येत आहेत.

माझी एकच विनवणी आहे. अर्थ कळल्यावरही ज्याला मला खोडावंसं वाटणार नाही, असा कुणी तुमच्या पाहण्यात असला, तर सेलूला महादेवरावांकडे निरोप द्या. मुलगी अजून थांबली आहे.