बेर्तारची बारा माणसं

ईस्टरनंतरच्या सोमवारी बेर्तार मोडक्या काटक्यांची मूठ घेऊन बिशप वेनेरांद यांच्याकडे आला. मुळात काटक्या चार होत्या. सकाळी पंचांच्या सभेत त्यानं एकेक काटकी डोक्यावर धरून मोडली होती आणि तुकडे चार दिशांना फेकले होते. फेकलेले तुकडे उचलायचे नसतात, पण बिशपांना दाखवायचे म्हणून त्यानं ते गोळा करून आणले होते.

"झालं, बाबा," तो म्हणाला. "सोडलं सगळ्यांना."

"कुणाला सोडलंस?"

"बापाला, भावाला, चुलत्यांना. तुम्हीच प्रवचनात सांगितलंत ना? जुना माणूस टाकून द्या, आता तुमचा बाप एकच."

वेनेरांद यांनी आपल्या मदतनीस डीकनकडे, लुपिकिनकडे पाहिलं. लुपिकिनची आई फ्रँक जमातीची होती, त्यामुळे असल्या वेळी सगळे त्याच्याकडेच पाहत.

"यानं गोत तोडलं," लुपिकिन म्हणाला. "भावाचा वारसा याला नाही, याचा भावाला नाही. याला कुणी मारलं तर विचारायला कुणी येणार नाही. याच्यावर आळ आला तर शपथेला कुणी उभं राहणार नाही."

"पण मी मनानं सोडायला सांगितलं होतं."

"फ्रँक माणूस मनानं काही सोडत नाही, बाबा. त्याला काटकी लागते."

बेर्तार खुशीत होता. त्याची दाढी पिकली होती, तीन लढाया झाल्या होत्या, आणि शनिवारी रात्री थंडगार पाण्यात उतरताना तो एकटाच कुडकुडला नव्हता. राजानं बाप्तिस्मा घेतल्यापासून फ्रँक लोक येऊ लागले होते. यंदा वेनेरांद यांनी बारा पुरुषांना घेतलं. तेरावाही आला होता, पण प्रभूच्या शिष्यांइतका आकडा त्यांना नेटका वाटला, म्हणून त्याला पुढच्या वर्षी यायला सांगितलं.

आकड्यांच्या बाबतीत ते काटेकोर होते. दुसऱ्या बिशपांच्या पत्रांत "असंख्य लोक तारले गेले" असं असे. वेनेरांद "बारा पुरुष, पाच बायका, पाऊस नव्हता" असं लिहीत. जे पाहिलं नाही ते झालं असं त्यांनी चाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी बेर्तारचा शेजारी मेरोल्फ याची डुकरीण नाहीशी झाली. डाव्या कानाला दोन खाचा असलेली, गाभण. मेरोल्फनं बेर्तारचं नाव घेतलं, आणि बेर्तारनं पंचांसमोर सांगितलं की मी घेतली नाही. चौदा रात्रींनी निवाडा ठरला. तोवर बेर्तारनं बारा नातलग आणायचे होते. त्यांनी शस्त्रावर हात ठेवून म्हणायचं, की याची शपथ निर्मळ आहे. बारा झाले नाहीत, तर उकळत्या कढईत हात घालून तळाचा खडा काढायचा. मग हात बांधून ठेवायचा आणि काही दिवसांनी सोडून पाहायचा. चिघळला असेल तर माणूस चोर.

उकळतं पाणी चोराचा हात आणि साधूचा हात सारखाच भाजतं, हे वेनेरांद यांना कुठल्याही ग्रंथाशिवाय ठाऊक होतं. आणि तो हात कढईपर्यंत आपल्या प्रवचनामुळे पोचला आहे, हेही.

ते बेर्तारच्या थोरल्या भावाकडे गेले. गुंदोलांद कुंपण बांधत होता. त्यानं काम थांबवलं नाही.

"त्याला माझं बोलणं नीट समजलं नाही," वेनेरांद म्हणाले. "चूक माझी आहे. तुम्ही उभे राहा."

"काटकी जोडून दाखवा, मग बघू."

"तुमचा सख्खा भाऊ आहे तो."

"होता. आमच्या बापाला त्यानं वाळीत टाकलं, बाबा. मेलेल्या माणसाला! आता तो बिचारा काय बोलणार?" त्यानं मेख ठोकली. "तुमच्या पाण्यातून निघालाय ना तो? मग पाण्यालाच उभं करा."

टोमणाच होता. पण परतताना वेनेरांद त्यावर विचार करत राहिले, आणि घरी पोचल्यावर त्यांनी लुपिकिनला बाकीच्या अकराजणांकडे पाठवलं. संध्याकाळपर्यंत अकराही तयार झाले. कुणी एक प्रश्न विचारला नाही. होडीवाल्यानं तर लुपिकिनचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही; "कुठं यायचं तेवढं सांगा," म्हणाला.

"अकरा झाले," लुपिकिन म्हणाला. "तेरावा घेतला असता तर..."

"माहीत आहे."

"म्हणजे बारावे तुम्ही."

वेनेरांद यांनी बेर्तारला बोलावून घेतलं. दार लावलं.

"मला एकच सांग. ती डुकरीण तू घेतलीस का?"

बेर्तारनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी जेवायला बसवून ताट काढून घेतलं.

"गुंदोलांद माझ्याशी रोज भांडतो," तो म्हणाला. "पण माझ्यासाठी दोनदा शपथेला उभा राहिला. एकदाही विचारलं नाही."

"का नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर तो पंच झाला असता. भाऊ कुठला?"

"आणि दोन्ही वेळा तू निर्दोष होतास?"

बेर्तारला हसू आलं. "एकदा होतो."

मग तो उठला. "राहू द्या, बाबा. तुम्हाला जमायचं नाही. हात माझा आहे, माझं मी बघतो." दारात थांबून म्हणाला, "डावा घातला तर चालतो का, ते लुपिकिनला विचारून ठेवा."

निवाड्याच्या दिवशी टेकडीवर सकाळपासून जाळ होता. वेनेरांद पोचले तेव्हा कढईच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले होते. थोड्या वेळानं पाणी खदखदू लागलं. खडा पांढरा होता, अंड्याएवढा. बेर्तारनं उजवी बाही दुमडली होती.

"याचे नातलग कोण?" मुख्य पंच राडोनं विचारलं.

अकराजण पुढे आले. त्यांच्यामागून, काठी टेकत, वेनेरांद.

"हे कसले नातलग?" मेरोल्फ ओरडला. "एक होडीवाला, दोन कुंभार, अन् हा म्हातारा रोमन!"

"हा तुमचा कोण लागतो?" राडोनं वेनेरांदना विचारलं.

"मुलगा."

"कसा?"

"मी याला पाण्यातून हातानं वर काढलं. हे अकरा त्याच पाण्यातून निघाले."

पंच एकमेकांकडे झुकले. त्यांचं बराच वेळ चाललं. कायद्यात असं कुठं नव्हतं. पण राजाही तसल्याच पाण्यातून निघालेला होता, आणि ते पाणी मोजायचं नाही असं पहिल्यांदा म्हणणारा माणूस व्हायची सात पंचांपैकी एकाचीही तयारी नव्हती.

"चालेल," राडो म्हणाला.

अकराजणांनी तलवारीला, कुऱ्हाडीला, वल्ह्यालासुद्धा हात लावून शपथ घेतली. वेनेरांदजवळ शस्त्र नव्हतं. कमरेला बोरू तासायचा चाकू होता, पत्रं लिहिताना लागायचा तो. त्यांनी तो काढला. बेर्तार त्यांच्याकडे पाहत नव्हता. कढईकडे पाहत होता. विचारायला अजून वेळ होता. तो दोनच हातांच्या अंतरावर उभा होता.

"याची शपथ निर्मळ आहे," वेनेरांद म्हणाले.

कुणीतरी कढई लवंडली. जाळ फसफसून विझला. बेर्तारनं बाही खाली केली.

गुंदोलांद गर्दीच्या कडेला उभा होता. "मला वाटलं म्हातारा आधी चौकशी करेल," तो शेजाऱ्याला म्हणाला, आणि कुंपणाच्या कामाला निघून गेला.

त्या आठवड्यात वेनेरांद यांनी डीकनसमोर गुडघे टेकून सांगितलं, की मी पाहिलं नाही त्याची शपथ घेतली. लुपिकिननं त्यांना चाळीस दिवस पाण्यावर आणि भाकरीवर ठेवलं. त्यांनी ते मोजून पाळले.

ओकची फळं गळून डुकरं पुष्ट झाली, गावोगाव कापाकापी सुरू झाली, तेव्हा बेर्तारकडून धुरी दिलेली एक मांडी आली. मोठी, चरबीची, मिठात नीट मुरलेली.

लुपिकिननं ती टेबलावर ठेवली आणि चहूबाजूंनी निरखली.

"डावा कान पाठवला नाही," तो म्हणाला.

"मांडीला कान नसतो," वेनेरांद म्हणाले. त्यांनी बोरूचा चाकू बाजूला सारला आणि मोठी सुरी मागितली.