हशा ओसरेपर्यंत

ऑब्री ट्रेहर्नने उभ्या आयुष्यात रंगमंचावर हजारो थपडा खाल्ल्या होत्या आणि त्याच्या गालाला कधी कुणाचं बोटही लागलं नव्हतं. हलक्याफुलक्या नाटकांत ही विद्या यावीच लागते. बायकोचं काम करणारी नटी हात उगारून नाकासमोरून नेते आणि त्याच क्षणी नवऱ्याने कमरेपाशी, प्रेक्षकांच्या नजरेआड, स्वतःच टाळी वाजवून मान झटकायची. मग हशा येतो. तो ओसरू लागला की पुढचं वाक्य टाकायचं, त्याआधी मुळीच नाही. भर हशात वाक्य वाया घालवणाऱ्या नटाला या धंद्यात कुणी उभं करत नाही.

एके काळी लंडनमध्ये त्याने नुसती भुवई उचलली तरी लोक पोट धरून हसत. आता पन्नाशी उलटल्यावर तो हेस्टिंग्जच्या समुद्रकाठी, अर्ध्या रिकाम्या नाटकगृहात, न्याहारीच्या टेबलावर भांडणाऱ्या जोडप्याचं एक जुनाट नाटक करत होता, आणि दुपारच्या खेळाला जागेवर चहा मागवणाऱ्या म्हाताऱ्या बाया त्याच्या नेमक्या चांगल्या वाक्यांवर कपबशा खडखडवत होत्या. ते त्याच्या फार जिव्हारी लागे. शनिवारी बॅसिंगथ्वेट नावाचा लंडनचा निर्माता नाटक बघायला यायचा होता. तो हसला तर परत लंडन, नाहीतर मरेपर्यंत असंच गावोगाव.

मंगळवारी थपडेच्या वेळी वर्तमानपत्राची घडी बोटांत अडकली आणि टाळी वाजवायची राहूनच गेली. तरीही आवाज आला. गाल पेटला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि समोर हशाचा असा लोंढा उसळला की क्षणभर तो कशाचा आवाज आहे हेच त्याला उमगेना. मग सवयीने तो पुढचं वाक्य बोलला, "अंडं जरा कच्चंच राहिलंय, नाही का गं?"

पडदा पडल्यावर त्याने विनिफ्रेडला गाठलं. विनिफ्रेड स्कीन कित्येक दौऱ्यांत रंगमंचावर त्याची बायको झाली होती. खरी बायको सोडून गेल्यावर त्याच्या कोटाची बटणंही तीच शिवून द्यायची.

"विनी, केवढ्यानं मारलंस!"

"मी? शुद्धीवर आहेस ना? माझा हात तुझ्या गालापासून वीतभर लांब होता." ती हसली आणि मग तिचं लक्ष त्याच्या गालाकडे गेलं. गालावर चार बोटं उठली होती. तिने आपला पंजा शेजारी धरून पाहिला. ती बोटं तिच्या बोटांच्या दुप्पट रुंद होती.

बुधवारी तडाखा कानावर बसला. गुरुवारी ऑब्रीच्या लक्षात आलं की हशा चालू असेपर्यंत तडाखेही चालूच राहतात, आणि त्याने अंड्याचं वाक्य टाकलं की थांबतात. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त थांबला. एक दाढ हलली, तोंडात आलेलं रक्त त्याने गिळलं, आणि तरुणपणीसुद्धा ऐकला नव्हता असा हशा त्याने कान भरून ऐकला. व्यवस्थापक पोकॉक विंगेतच भेटला. "ट्रेहर्न, काय करतोयस ते मला नको सांगूस. शनिवारी तेवढं हेच कर. बाहेर रांग लागलीय!"

शुक्रवारी बरगडी मोडली. विनिफ्रेडने ती आवळून बांधली.

"पुढच्या रांगेतली ती बाई पाहिलीस? हसता हसता किंचाळत होती. मला भीती वाटते रे. बस कर आता."

"अगं, आख्ख्या जन्मात मी लोकांना इतकं हसवलं नाही!"

"तू हसवतोयस?"

"मग कोण?"

गाठ मारून झाल्यावर ती म्हणाली, "फार झालं की वाक्य टाकून मोकळा हो. हशाची वाट बघू नकोस. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला, आणि त्या क्षणी तरी तो मनापासूनच म्हणाला.

शनिवारी दुपारी नाटकगृह खच्चून भरलं होतं. बॅसिंगथ्वेट बाजूच्या सज्जात एकटा बसला होता. विनिफ्रेडचा हात नाकासमोरून गेला. ऑब्रीने गाल पुढे केला, डोळे मिटले आणि वाट पाहिली. काहीच झालं नाही. कुठेतरी एक कपबशी वाजली. त्याने डोळे उघडले तेव्हा सज्जातला बॅसिंगथ्वेट निघायच्या बेतात शेजारच्या खुर्चीवरची हॅट चाचपत होता.

तेवढ्यात आवाज आला, आणि विनिफ्रेडची मान फाडकन एका बाजूला वळली.

तिच्याजवळ कुणीही नव्हतं. दुसऱ्या तडाख्याने तिचं नाक फुटलं आणि पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर रक्ताचे थेंब पडले. तिसऱ्याने ती गुडघ्यांवर आली, आणि केस धरून कुणी उचलावं तसं तिचं डोकं वर उचललं गेलं. सगळं नाटकगृह हशाने हादरत होतं. तिने ऑब्रीकडे पाहिलं.

"ऑब्री, वाक्य."

वाक्य त्याच्या जिभेवरच होतं. वर बॅसिंगथ्वेट हॅट विसरून कठड्यावर ओणवा झाला होता आणि रुमालाने डोळे पुसत होता. तिचा हात पाठीमागे पिळला गेला. हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत नक्कीच गेला असणार, कारण हशा तिथूनच पुन्हा उसळला.

"ऑब्री, वाक्य टाक ना रे!"

हशा अजून चढतच होता. ऑब्रीने आपल्या कपात साखर घातली आणि हशा ओसरायची वाट पाहत तो चहा ढवळत राहिला.