अर्ध्या बीची शिदोरी

मी घेवड्याची बी बोलतेय. अख्खी नाही हं, अर्धी. हसू नका! अंग अर्धं असलं तरी जीभ पूर्ण आहे.

शेंगेत होते तेव्हा चांगली गुबगुबीत होते. आईच्या पानांनी कमावलेलं सगळं माझ्या पोटात आलं आणि प्रथिनांच्या बारीक पोतड्यांत भरून राहिलं. माझ्या कुशीतल्या कोंबाची ती शिदोरी. त्याला पान फुटेपर्यंत दुसरं कोण खाऊ घालणार?

पण प्रयोगशाळेतल्या सरांना वेगळंच हवं होतं. बीत साठणारं प्रथिन पानातही साठावं, म्हणून त्यांनी आमच्या कुळात काही फेरफार केले होते. त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या ताईनं मला चिमट्यात धरलं, कोंबाची बाजू सोडून ब्लेड फिरवलं आणि प्रथिन मोजायला माझं निम्मं अंग खलात गेलं. जीव कळवळला हो! लेकराची निम्मी शिदोरी डोळ्यांदेखत कुटली.

"हवा तेवढा प्रथिनाचा साठा नाही हिच्यात. उरलेली टाकून दे," सर निकाल बघत म्हणाले.

"लावून तरी बघते ना, सर. कोंब शाबूत आहे."

"अगं, अर्ध्या पोटी कोंब वाढतो होय? बघ बाई, तुझी हौस."

हौस म्हणे! असा संताप आला मला. ताईनं कुंडीत लावताच मी पाणी प्याले, पोतड्या सोडल्या आणि घास घास कोंबाला भरवत सुटले. मध्येच तो मान टाकायचा. मी तळ खरवडून द्यायचे. अखेर त्यानं मातीतून डोकं काढलं, हिरवं पान उघडलं आणि पठ्ठ्या स्वतः कमवायला लागला!

लगेच सर कात्री घेऊन हजर. पान कुटलं, तपासलं. बीतलं प्रथिन नावालाही नाही. सरांचा चेहरा पडला.

ऐका आता. ते प्रथिन करायची कृती पानाकडेही असते, पण पान ती उघडतच नाही. पानानं कमवावं, बीनं साठवावं, ही आमच्या घरची रीत. तुमचे फेरफार गेले उडत!

"पण सर, अर्ध्या पोटी वाढला की नाही?" ताई म्हणाली.

सर कुंडीत पाणी घालून गेले.

मी आता रिकामं, सुरकुतलेलं साल होऊन त्याच मातीत पडलेय. वर माझ्या कोंबाला शेंगा धरल्यात. ब्लेड घेऊन याल, ठाऊक आहे मला. या खुशाल. फक्त कोंबाच्या बाजूला हात लावू नका. निम्म्यात लेकरू कसं वाढवायचं, ते आम्ही बघून घेऊ.