खिडकीतले बोळे

कार्ला गावातल्या त्या खोलीत वाऱ्याला बंदी होती. बाळंतिणीला वारं बाधतं, ही हिराबाईंची काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी खिडकी लावून फटींत जुन्या लुगड्याचे बोळे कोंबले होते. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा-शेपाची धुरी, आणि बाजेवर कानाला फडकं, पोटाला पट्टा बांधलेली त्यांची सून अमृता. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. सासू सगळं मायेनं करायची. अशा मायेपुढं माणूस तक्रार तरी कसली करणार?

खरं सांगायचं तर अमृता धुरीनं घुसमटत नव्हती. तिचा जीव गुदमरत होता तो कोनाड्यातल्या निळ्या बाटलीनं. बाटलीत लॅव्हेंडरच्या फुलांचं सुगंधी तेल होतं.

तुंगार्लीच्या एका रिसॉर्टमध्ये ती मालिशचं काम करायची. तिथल्या मॅडमनीच बाटली भेट दिली होती. कळांच्या वेळी खोबरेलात दोन थेंब घालून कंबरेला लावा, शांत वाटतं म्हणे. नवरा प्रज्ञेश भारी हौशी. दवाखान्यात कळा सुरू झाल्या तसा तो तेल घेऊन तिची पाठ चोळायला बसला. नर्सबाईंनीही वासाचं कौतुक केलं. अमृता भिंतीकडं तोंड करून दात आवळून पडून राहिली. सगळ्यांना वाटलं, कळा सोसतेय पोरगी.

ती सोसत होती तो वास. रिसॉर्टमध्येही हेच तेल वापरायचे; त्या वासात तिथली मालिशची खोली होती. मंद दिवा, लावलेलं दार, आणि मालिश चालू असताना मनगट धरून न सोडणारी गिऱ्हाइकं. एकदा तिनं मॅडमच्या कानावर घातलं, तर हसून सोडून द्यायचं, असं उत्तर मिळालं. घरी तिनं अवाक्षर काढलं नाही. बायको एसीत काम करते, असं प्रज्ञेश चारचौघांत मिरवायचा. त्याचा आनंद तिला मोडवेना.

सव्वा महिना सरत आला होता. त्या सकाळी प्रज्ञेशनं दारातूनच सांगितलं, की मॅडमचा फोन आला होता, जागा राखून ठेवलीय, आणि आपण हो म्हणून टाकलंय. अमृतानं मान डोलावली. बाजेवरून उठून ती जाणार तरी कुठं?

इकडं हिराबाई नातीला तेल लावायला पायांवर घेऊन बसल्या होत्या. आज त्यांना काय हौस आली कोण जाणे, त्यांनी खोबरेलाच्या वाटीत निळ्या बाटलीतले थेंब टाकले.

"तिला नका लावू," अमृता म्हणाली.

"आगं, लय ग्वाड वास हाय. बड्या लोकांचं त्याल ह्ये."

"त्यांचाच वास हाय तो, आत्या. दार लावल्यालं असतंय आन् ती हात धरत्यात. मला परत तितं जायचं न्हाई."

प्रज्ञेशचा चेहरा उतरला. पण मी तर हो म्हणलोय, एवढंच तो पुटपुटला. हिराबाईंनी त्याच्याकडं बघितलंही नाही. पोर अमृताच्या मांडीवर देऊन त्या उठल्या आणि वाटी, बाटली दोन्ही कोपऱ्यातल्या मोरीत रिकाम्या केल्या. वर तांब्याभर पाणी ओतलं. पण वास जायच्या ऐवजी उसळला. कोंडलेली खोली त्यानं भरून गेली, आणि अमृतानं पोरीच्या नाकावर पदर धरला.

मग खिडकीपाशी जाऊन हिराबाईंनी स्वतःच कोंबलेले बोळे एकेक करून उपसायला घेतले.

"त्या बाईला फोन लाव," त्या लेकाला म्हणाल्या, "आन् न्हाई म्हनून सांग."

कडी घट्ट बसली होती. त्यांनी तळहातानं ठोकून ती काढली.

"आत्या, वारं बाधंल."

"बाधू दे."

भातखाचरांवरचा गार वारा आत आला, आणि बाळंतपणात एकदाही न ओरडलेली अमृता हमसून हमसून रडली.